उतारावरचा गिअर

आमच्या घरात मोटार आली ती १९७९ साली. नवी नव्हे, शहरातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने बारा वर्षे वापरलेली फियाट. मल्हारगंजातल्या आमच्या वाड्याचा दरवाजा तिच्या मानाने अरुंद होता, त्यामुळे ती कायम गल्लीच्या तोंडाशी उभी असे आणि जाता-येता आम्ही भावंडे तिच्या बोनेटवरून उगीचच हात फिरवीत असू. मोटारीबरोबर घरात आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे तांबड्या पुठ्ठ्याची एक वही. बाबा लेखापरीक्षण कार्यालयात नोकरीला होते. गाडी किती किलोमीटर चालली, पेट्रोल किती भरले, लिटरला सरासरी किती पडली, कोणत्या मिस्त्रीला काय दिले, हे सारे ते त्या वहीत मोत्यासारख्या अक्षरात लिहीत. गाडी विकेपर्यंत त्या वहीत एक दिवसाचाही खंड पडला नाही. ती वही आज माझ्याकडे आहे, आणि तिच्यातल्या एका नोंदीमुळेच मी हा लेख लिहिते आहे.

बाबा गाडी उत्तम चालवीत, अशी आमच्या साऱ्या आप्तांत ख्याती होती. त्या फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. तो बदलताना बाबांच्या मनगटाची हालचाल पेटीच्या पट्ट्या दाबणाऱ्या वादकासारखी दिसे. गाडीला कधी गचका बसत नसे. तथापि त्यांची एक सवय होती, आणि त्या काळी कितीतरी सुजाण माणसांची ती होती. उतार लागला की ते गाडी न्यूट्रलला टाकीत आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करीत. मग गाडीत एकदम शांतता पसरे. नुसता वाऱ्याचा आणि चाकांचा आवाज येई. बाबा हसून म्हणत, “उतार देवानं फुकट दिलाय, त्याच्यावर पेट्रोल कशाला जाळायचं?” आम्हां मुलांना ती शांतता फार आवडे. विमानात बसल्यासारखे वाटे. विमान आम्ही पाहिले नव्हते, ती गोष्ट वेगळी.

इंदूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्यांना ठाऊक आहे की महू मागे पडून मानपूर सोडले, की माळव्याचे पठार संपते आणि आग्रा-मुंबई रस्ता विंध्याच्या अंगावरून निमाडात उतरू लागतो. खाली गुजरी, पुढे धामनोद, आणि तेथून डावीकडे महेश्वर. अहिल्याबाईंच्या महेश्वरला वर्षातून एकदा तरी जायचे, असा आमच्या घराचा नेम होता. पठार आणि नर्मदेचे खोरे यांच्यामधला तो घाट म्हणजे बाबांच्या वहीतल्या सरासरीचा सुवर्णयोग असे.

१९८३ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही असेच निघालो. दादा तेव्हा नुकताच नोकरीसाठी वडोदऱ्याला गेला होता, म्हणून तो नव्हता. मागे आई, आत्या आणि मी. पुढे बाबा आणि त्यांच्या शेजारी तात्या. तात्या आमच्याच वाड्यात राहत. वयाच्या पंधराव्या वर्षी ते होळकरांच्या मोटारखान्यात गाड्या धुवायला लागले आणि पुढे तिथेच चालक झाले. महाराज यशवंतराव होळकरांना मोटारींचा केवढा शौक होता हे इंदूरकरांना सांगायला नको. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाल्यावर तात्यांनी सरकारी गाड्या चालविल्या आणि निवृत्त झाले. मोटारीत बसले की ते सहसा बोलत नसत. दुसऱ्याच्या हातात चाक असताना बोलू नये, असे ते म्हणत.

मानपूर गेले. उतार लागला. बाबांनी नेहमीप्रमाणे न्यूट्रल करून इंजिन बंद केले. त्या दिवशी गाडीत पाच माणसे होती, शिवाय डिकीत सामान. दोन वळणे गेली. वेग वाढू नये म्हणून बाबांचा पाय ब्रेकवर सारखा टेकलेला होता. मग एक वास येऊ लागला; चिंधी जळावी तसा, पण जास्त उग्र. आई म्हणाली, “काही जळतंय का?” बाबा काही बोलले नाहीत. मी मागून पाहिले तर त्यांचा उजवा पाय पेडल दाबीत होता, सोडीत होता, पुन्हा दाबीत होता, आणि गाडीचा वेग कमी होण्याऐवजी वाढत होता.

पुढच्या वळणावरून एक मालाने भरलेला ट्रक वर येत होता. रस्ता त्या काळी दुपदरी, कडेला दगड आणि पलीकडे दरी. तात्यांनी आवाज जराही न चढवता सांगितले, “नानासाहेब, किल्ली फिरवा. क्लच दाबा. तिसरा टाका. आता क्लच हळू सोडा.” बाबांनी तसे केले. इंजिन एकदा खोकले आणि ओरडून चालू झाले. गाडीला मागून कोणी दोर लावून ओढल्यासारखा झटका बसला. “आता दुसरा. पुन्हा क्लच हळू. डोंगराच्या अंगाला घ्या, घासली तर घासू द्या.” डोंगर आमच्या डाव्या हाताला होता. गाडीचे डावे मडगार्ड दगडाला घासत गेले, चाक कडेच्या चरात उतरले आणि गाडी थांबली. समोर पंधरा-वीस पावलांवर तो ट्रक उभा होता.

तो का उभा होता, हे मला पुढे समजले. त्याच्या चालकाने आमची गाडी वेडीवाकडी येताना पाहिली आणि आम्हांला जागा मिळावी म्हणून भर चढावर ट्रक बाजूला घेऊन थांबवला. चढणाऱ्या वाहनाला पहिला मान, हा घाटातला जुना रिवाज. १९८९ च्या वाहतूक नियमांतही तो स्पष्ट लिहिलेला होता. उतरणारा थांबला तर त्याला पुन्हा निघणे सोपे असते. चढणारा थांबला तर ते सारे ओझे त्याला स्थिर उभ्या अवस्थेतून पुन्हा वर ओढावे लागते, क्लच प्लेट जळते, गाडी मागे सरकते. हक्क त्याचा होता आणि त्याने तो आमच्यासाठी सोडला. त्याचा क्लीनर उतरून चाकामागे दगड लावीत होता. चालक खाली आला, त्याने आईला आणि आत्याला पाणी दिले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बाबूजी, ठंडी होने दो गाड़ी को.” मग त्याने ट्रक सुरू केला. तो चढ घेताना इंजिनाने जो आक्रोश केला, तो मला अजून ऐकू येतो.

आम्ही तासभर थांबलो. ब्रेकचे ड्रम हात लावता येणार नाही इतके तापले होते. ते गार झाल्यावर ब्रेक पुन्हा लागू लागले. तात्या एवढेच म्हणाले, “आता खालपर्यंत दुसऱ्यातच चला.” बाबांनी मान हलविली. आम्ही महेश्वरला गेलो, घाटावर बसलो. कोणी काही बोलले नाही.

रात्री वाड्यात आल्यावर लोक जमले. मडगार्ड पाहून विचारू लागले. बाबा पायऱ्यांवर खाली मान घालून उभे होते. तात्यांनीच उत्तर दिले, “ट्रकवाल्यानं दाबलं.” झाले. तेवढ्या दोन शब्दांनी बाबांची अब्रू राखली. पुढे तीच हकिकत घरातली हकिकत झाली. दादाला पत्रात तीच गेली. पाहुण्यांना तीच सांगितली गेली, आणि प्रत्येक वेळी तो ट्रकवाला थोडा अधिक बेदरकार, थोडा अधिक दारू प्यालेला होत गेला. बाबांनी मात्र ती हकिकत स्वतःच्या तोंडाने कधी सांगितली नाही. फक्त वहीत त्या आठवड्यात एक ओळ आहे: ‘डावे मडगार्ड ठोकून घेणे व रंग — ट्रकमुळे.’

महिन्याभराने तात्या आमच्याकडे आले आणि म्हणाले, “नानासाहेब, पोरीला गाडी शिकवतो.” आमच्यासारख्या घरात मुलीने मोटार चालवायची ही कल्पना तेव्हा नवीच होती. बाबा क्षणभरही न थांबता “शिकवा” म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी काय काय कबूल केले होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

चिमणबागेच्या मैदानावर सकाळी सहा वाजता माझे शिक्षण सुरू झाले. पहिले चार दिवस तात्यांनी मला अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. पहिला गिअर टाकायचा, क्लच अगदी हळू वर सोडायचा आणि गाडी कोठे ओढ घेते ते पायाच्या तळव्याला कळू द्यायचे. ते म्हणत, “क्लच म्हणजे दोन ताटं. एक इंजिनाचं, दुसरं गिअरकडचं. पेडल दाबलंस की ती सुटतात, सोडलंस की एकमेकांना धरतात. धरायला लागतात ती जागा ओळखली की निम्मी गाडी आली.” सपाट जमिनीवर नुसत्या क्लचवर गाडी सरकू लागली तेव्हा मला फार आनंद झाला. तात्यांनी लगेच पुढचा नियम सांगितला. गिअर बदलून झाला की डावा पाय क्लचवरून उचलून खाली ठेवायचा. त्यावर नुसता विसावला तरी ताटे पूर्ण धरत नाहीत, घासत राहतात आणि झिजतात. गिअरच्या दांड्यावर हात टेकून बसायचे नाही. तो हात आत गिअरपेटीपर्यंत दाब पोहोचवितो. मागचा गिअर गाडी पूर्ण थांबल्यावाचून टाकायचा नाही. आमच्या फियाटमध्ये पहिला गिअरही चालत्या गाडीत सहजी पडत नसे, कारण वरच्या तीन गिअरांना दातांचे वेग जुळवून घेण्याची जी सोय होती ती पहिल्याला नव्हती. तात्यांच्या तरुणपणी तर ती सोय कित्येक गाड्यांत कोणत्याच गिअरला नसे. क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाचा वेग वाढवून, कानाने जुळवून गिअर टाकावा लागे. “म्हणून आम्ही गाडी कानानं चालवायचो,” ते म्हणत.

मग चढाचा धडा. चढावर थांबलेली गाडी पुढे काढताना मागे सरकते आणि नवशिक्याची भंबेरी उडते. तात्यांचा क्रम ठरलेला होता. हँडब्रेक ओढलेला असावा, पहिला गिअर टाकावा, अ‍ॅक्सिलरेटर किंचित द्यावा, क्लच ताटे धरू लागेपर्यंत सोडावा. गाडीचे नाक थोडे वर उचलल्यासारखे होते आणि इंजिनाचा आवाज जड होतो. तो जडपणा ऐकू आला की हँडब्रेक सोडावा. गाडी इंचभरही मागे जात नाही. चढावर सिग्नलला उभे असताना अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे हा शहाणपणा नसून क्लच प्लेटचा खून आहे, हे त्यांचे शब्द. आणि गाडी उभी करून जाताना हँडब्रेकच्या जोडीला गिअर हवाच: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर मागचा.

सर्वांत शेवटी, दोन महिन्यांनी, ते मला मानपूरच्या घाटात घेऊन गेले. घाटाच्या माथ्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि विचारले, “हा घाट चढायचा असता तर कोणता गिअर लागला असता?” मी म्हटले, “दुसरा.” “मग उतरायलाही तोच. आणि तो इथं, माथ्यावर टाकायचा. निम्म्या उतारावर वेग आल्यावर नव्हे.”

का, ते त्यांनी तिथे कठड्यावर बसून समजावले. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांना फिरवीत नाही, चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिन सहजासहजी फिरायला तयार नसते. आतले घर्षण आणि सिलिंडरांत कोंडलेल्या हवेची ओढ त्याला मागे खेचते. तोच मुकाट्याने काम करणारा ब्रेक. तो झिजत नाही आणि खालच्या गिअरमध्ये अधिक बळकट होतो. न्यूट्रल केले की तुम्ही हा ब्रेक गाडीपासून तोडून टाकता आणि सारे ओझे चार चाकांतल्या लायनरांवर येते. घाटातून उतरणाऱ्या गाडीची सारी शक्ती उष्णता होऊन ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, ब्रेकचे तेल उकळले तर त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. म्हणून ब्रेकवर सतत पाय टेकवू नये. वेग वाढला की ठाम दाबावा, वेग उतरवावा आणि पूर्ण सोडावा. मधल्या वेळात वाऱ्याने ड्रम निवतात.

“आणि ब्रेक गेलेच तर?” मी विचारले. घाटातली ती गोष्ट आमच्या दोघांच्या मधोमध उभी होती. तात्या म्हणाले, “पेडल भराभर दाबून पाहायचं, कधी थोडा दाब परत येतो. मग एकेक गिअर खाली. एकदम चौथ्यातून पहिल्यात घालायला जाशील तर गिअर पडणार नाही, आणि पडला तर चाकं घसरतील. हँडब्रेक हळूहळू ओढायचा, झटक्यानं नाही. आणि दरीपेक्षा डोंगर बरा. पत्रा परत मिळतो.”

त्या दिवसानंतर बाबांनी कधीही उतारावर इंजिन बंद केले नाही. आम्ही पुन्हा महेश्वरला जाऊ लागलो तेव्हा घाटात ती विमानासारखी शांतता नसे; खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा एकसुरी घुमारा खालपर्यंत सोबत येई. वहीत घाटाच्या दिवसांची सरासरी पूर्वीपेक्षा थोडी कमी दिसू लागली, आणि बाबांनी ती तशीच प्रामाणिकपणे लिहिली. मात्र शब्दांत ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या मानाखातर मीही बोलले नाही. तात्या गेले, आत्या गेली, आई गेली, बाबाही गेले. त्या मोटारीत बसलेल्यांपैकी मी एकटी उरले.

आता दादाचे सांगते. तो निवृत्त होऊन इंदूरला परतला आणि महेश्वरचा नेम त्याने पुन्हा सुरू केला. २०२४ च्या जानेवारीत आम्ही निघालो: दादा, वहिनी, मी आणि दादाची नऊ वर्षांची नात. रस्ता आता चौपदरी आहे, समोरून काही येत नाही. परंतु उतार तो उतारच. याच मार्गावरच्या गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले की पुढे उतरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा वळसा घेणारा रस्ता करावा लागला. मानपूर मागे पडले. दादाने क्लच दाबला, दांडा मध्यावर आणला आणि पाय मोकळा केला. गाडी शांत झाली. तो नातीला हसून म्हणाला, “उतार देवानं फुकट दिलाय बरं का!”

बाबांचेच वाक्य, बाबांचाच सूर. माझ्या पोटात गोळा आला. दादा घर सोडून गेला तेव्हा त्याने जे बाबा बरोबर नेले, ते त्या रविवारच्या आधीचे बाबा होते. नंतरचे बाबा त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगायचे काम माझे होते, आणि एकेचाळीस वर्षे मी ते केले नव्हते. आज त्या मौनाच्या उतारावर मागच्या आसनावर एक नऊ वर्षांची मुलगी बसली होती.

मी म्हटले, “दादा, गिअरात घाल.”

“अगं, बाबा आयुष्यभर—”

“बाबा आयुष्यभर नाही. गिअरात घाल आणि जागा दिसली की बाजूला घे.”

माझा आवाज त्याला ओळखीचा वाटला नसावा, कारण त्याने निमूटपणे तिसरा टाकला आणि पुढे रस्त्यालगतच्या एका ढाब्यापाशी गाडी उभी केली. तेथे, चहा गार होईपर्यंत, मी त्याला सारे सांगितले. वास, पेडल, तात्यांचा आवाज, डोंगराच्या अंगाला घासलेले मडगार्ड. आणि मग ते वाक्य उच्चारले, जे मी कोणाजवळच उच्चारले नव्हते: “त्या ट्रकवाल्यानं आपल्याला दाबलं नव्हतं. तो थांबला होता.”

दादा बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मी ती गोष्ट किती जणांना सांगितली आहे, माहीत आहे? ऑफिसात नव्या पोरांना सांगायचो. ट्रकवाल्यांपासून सांभाळा म्हणून.” थोड्या वेळाने त्याला राग आला. तो रास्त होता. “मला का नाही सांगितलंस?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाबांचा मान राखायचा म्हणून गप्प बसले, हे उत्तर तोंडाशी आले. परंतु ज्या माणसाने चुकीनंतर आपली सवय बदलली, त्याचा खरा मान ती चूक लपविल्याने राहतो की तो बदल सांगितल्याने, हे त्या क्षणी मला उमगले आणि मी गप्पच राहिले.

पुन्हा निघालो तेव्हा वातावरण जड होते. ते हलके केले ते हिशोबाने. दादाही अखेर बाबांचाच मुलगा. म्हणाला, “ते सगळं खरं. पण पेट्रोल वाचतं हे तर नाकारता येणार नाही ना?” तेव्हा मी त्याला सांगितले की बाबांच्या फियाटमध्ये कार्बुरेटर होता. इंजिन गिअरात असो वा नसो, सुरू होते तोवर ते थोडेफार पेट्रोल ओढीतच राही. म्हणून इंजिन बंद करण्यात बाबांचे पेट्रोल खरोखर वाचत होते. हिशोब त्यांचा चुकला नव्हता, फक्त ब्रेकची किंमत त्यात धरलेली नव्हती. आजच्या गाड्यांत पेट्रोलची फवारणी संगणकाच्या हाती असते. गाडी गिअरमध्ये उताराला लागली, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला असला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले की तो संगणक पेट्रोल साफ बंद करतो, कारण इंजिनाला फिरते ठेवायचे काम चाके करीत असतात. न्यूट्रल केले तर मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर जागे राहावे लागते आणि त्यासाठी पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे आज न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस सुरक्षितता घालवितोच, वर पेट्रोलही घालवितो. आणि इंजिन बंद करण्याचा विचारही नको. आजच्या ब्रेकला इंजिनाच्या ओढीचे साहाय्य असते. इंजिन बंद झाले की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढली तर ते अडकूनही बसते.

दादाचा विश्वास बसेना. त्याच्या गाडीत त्या क्षणी शंभर किलोमीटरला किती लिटर जळते आहे ते दाखविणारा आकडा आहे. त्याने नातीला पुढे वाकून तो वाचायला लावले. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ती ओरडली, “आजोबा, शून्य!” पुन्हा शून्य. पुन्हा शून्य. घाट संपून गुजरीच्या पुढे मोकळा, सौम्य उतार लागला तेव्हा दादाने, “शेवटचं एकदा,” म्हणून न्यूट्रल करून पाहिले. नात म्हणाली, “आता शून्य नाही.” दादाने गिअर टाकला. काही वेळाने स्वतःशीच म्हणाला, “बाबांना हे दाखवायला हवं होतं.” मला वाटते, ते एक वाक्य म्हणजे आम्हां दोघांमधला समेट होता.

हल्ली पुष्कळ जण म्हणतात की क्लचचे दिवस संपले, आता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आल्या, विजेच्या आल्या. हे शिकून काय करायचे? परंतु त्या गाड्यांतही उतारासाठी खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय दिलेली असते, आणि विजेची गाडी तर उतारावर मोटरलाच उलट कामाला लावून वीज परत मिळविते. तत्त्व तेच आहे. ज्याने क्लचच्या गाडीत ते तत्त्व तळव्याने आणि कानाने शिकून घेतले, त्याला ते कोणत्याही गाडीत विसरता येत नाही.

महेश्वरहून परतल्यावर मी वही काढली. ‘डावे मडगार्ड ठोकून घेणे व रंग — ट्रकमुळे.’ पेन हातात घेतले. पण बाबांच्या अक्षरात खाडाखोड करण्याचे धैर्य मला झाले नाही. म्हणून ती दुरुस्ती येथे करीत आहे. मडगार्ड ट्रकमुळे घासले नव्हते. आमच्या गाडीत पाच माणसे होती आणि ती पाचही घरी परतली, ती तात्यांच्या शांत आवाजामुळे, बाबांनी तो ऐकल्यामुळे आणि आपला हक्क सोडून भर चढावर थांबलेल्या एका अनोळखी माणसामुळे. त्याचे नाव आम्ही विचारले नाही. ट्रकचा क्रमांक कोणी टिपून ठेवला नाही. सारे काही टिपणाऱ्या बाबांनीसुद्धा नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर दादाच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, गाडी शिकायचे मनावर घेतले. सपाटीवर ती तयार झाल्यावर तिला घेऊन मी महूहून मंडलेश्वरच्या वाटेने जाम घाटात गेले. तेथे रस्ता अजून दुपदरी आहे, समोरून वाहने येतात. अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाजापाशी गाडी थांबवून मी तिला विचारले, “चढायला कोणता लागला असता?” ती म्हणाली, “दुसरा.” आम्ही दुसऱ्यातच उतरू लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर एक टेम्पो पोती लादून धापा टाकीत वर येताना दिसला. पुढे रस्ता अरुंद होता. मी काही सांगण्याआधीच तिने ब्रेक दाबला, गाडी कडेला घेऊन थांबवली आणि हँडब्रेक ओढला. टेम्पो न थांबता, आपली ओढ न मोडता, आमच्या शेजारून वर गेला. जाताना चालकाने खिडकीतून हात बाहेर काढला. मीही हात वर केला आणि तो टेम्पो वळणाआड जाईपर्यंत तसाच ठेवला.